कुंकू आणि सातबारा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, पायातली जोडवी काढणं यापुढे आपल्या गावात होणार नाही. राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, म्हणजे ते त्यांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्याच ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मग गावोगाव ठराव झाले. काही पाळले गेले, काही इतिवृत्ताच्या वहीतच राहिले.

ही प्रथा हवीच असं म्हणणाऱ्यांशी मला इथे वाद घालायचा नाही. तो वाद महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच मांडून झाला आहे. मला अस्वस्थ करतो तो बदल हवा असणाऱ्यांमधलाच मतभेद. आधी काय बदलायचं, रीत की मालकी? या प्रश्नावर वेगवेगळ्या लोकांकडून जे ऐकलं, वाचलं, ते मी दोन माणसांच्या तोंडी घातलं आहे. मामा निवृत्त तलाठी आहेत, उभी नोकरी सातबारा आणि फेरफारात गेलेली. भाची ग्रामपंचायत सदस्य आहे आणि गावात हा ठराव तिनेच मांडला. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, म्हणून दोघं स्पष्ट बोलतात.

भाची : मामा, ठराव एकमताने झाला. सत्तरीच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा हात वर केले. तुम्ही मात्र शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाहीत.

मामा : हात मीही वर केला. बोललो नाही, कारण ठरावात बाईच्या कपाळाचा उल्लेख होता, गळ्याचा होता, हाताचा होता, पायाचा होता. तिच्या घराचा नव्हता, रानाचा नव्हता.

भाची : ते कायद्यात आहे की. ठरावात कशाला पाहिजे?

मामा : कायद्यात आहे, खरं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात स्वच्छ लिहिलंय. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि सगळ्यांना सारखा वाटा. आता माझ्या सजात काय व्हायचं ते ऐक. माणूस गेला की महिन्याभरात घरातलं कोणीतरी यायचं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स. पण अर्ज कुणाचा? थोरल्या दिराचा, नाहीतर चुलत सासऱ्याचा. यादीत मुलगा पहिला, बाई तळाला, मुली बऱ्याचदा नाहीतच. मी विचारायचो, बाईचं नाव पुढं का नाही? उत्तर ठरलेलं असायचं, ‘असू दे की भाऊसाहेब, घरचीच आहे, जातीय कुठं?’

भाची : मग नाव लागायचं की नाही?

मामा : लागायचं, पण कसं लागायचं ते बघ. मुलगा लहान असेल तर त्याचं नाव भोगवटादार म्हणून, आणि पुढे अ. पा. क. आई. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. बाई सातबाऱ्यावर आली, पण पोराची राखणदार म्हणून. पोरगा अठराचा झाला की एक अर्ज, एक फेरफार, आणि तिचं नाव कमी. स्वतःचा वाटा असलेली बाई कागदावर कधी आलीच नाही. दुसरी तऱ्हा, ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आणि त्याच्या आड सगळे धाकटे. त्यातला धाकटा वारला तर त्याच्या बायकोला आधी सिद्ध करावं लागतं की माझ्या नवऱ्याचं इथं काही होतं. तिसरी तऱ्हा, ‘इतर हक्क’. सातबाऱ्यावर उजव्या बाजूला तो रकाना असतो. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जायची वाट, हे सगळं तिथं. बहिणी आणि विधवाही कितीतरी ठिकाणी तिथंच.

भाची : मामा, मी तुम्हाला उलटं विचारते. कायदा १९५६ चा आहे. तुम्ही सांगताय ते सगळं त्याच्यानंतरचं. मग कायदा असून बाईचं नाव तळाला का गेलं? ती स्वतः का आली नाही चावडीवर?

मामा : तिला माहीत नसायचं.

भाची : गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत गेला त्याची बायको बारावी शिकलेली होती. तिला माहीत होतं. तरी काय झालं ते मी सांगते, कारण मी तिथं होते. माणूस चौतिशीतला. मयत उचलायच्या आधी तिला अंगणात आणून बसवलं. बांगड्या फोडायला तिची चुलत सासू आली. ती स्वतः विधवा, कारण हे काम विधवेनंच करायचं असतं. हिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. ते बाहेर ओढले. दगडावर मनगट आपटलं, काच रुतली, रक्त आलं. कुणी थांबलं नाही. तिची सहा वर्षांची पोरगी दारात उभी होती. तिनं आपले हात पाठीमागं लपवले. तिला वाटलं, आता आपली पाळी.

मामा : हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भाची : पुरुष मयताच्या तयारीत असतात, मामा. हे बायकांमध्ये होतं. पुढचं तुमच्या खात्यातलं आहे. तेराव्यापर्यंत ती कोपऱ्यात. सकाळी कुणाला तोंड दाखवायचं नाही, चांगल्या कामाला निघालेल्याच्या आडवं यायचं नाही. तेरावा झाला आणि तिसऱ्या दिवशी दीर जीप घेऊन आला. तालुक्याला, दुय्यम निबंधकाकडं. हक्कसोडपत्र. तिनं सही केली. स्वच्छ, मराठीत, पूर्ण नाव. मी नंतर तिला विचारलं, का केलीस? ती म्हणाली, माझं काय राहिलं होतं तेव्हा?

मामा : त्यातला पोरांचा वाटा तिला सोडता येत नाही. अज्ञान मुलाच्या स्थावर मालमत्तेला न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि तिची सही दबावाखाली घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात…

भाची : ती न्यायालयात जाणार आहे का, मामा? दिराच्याच घरात राहते ती. मला एवढंच सांगायचंय की त्या अंगणात आणि त्या निबंधकाच्या कचेरीत जे झालं ते एकच आहे. पहिल्यात तिला पटवून दिलं की तू आता कुणीच नाहीस. दुसऱ्यात त्याचा कागद केला. तुम्ही म्हणता कुंकवाचं काय एवढं, रानाचं बघा. मी म्हणते, कुंकू पुसलं जातं त्याच दिवशी रान जातं. सही पंधरा दिवसांनी होते, एवढंच.

*

भाचीचं हे म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. विधवेच्या प्रथांकडे आपण भावनेचा, अपमानाचा, फार तर मानवी हक्कांचा प्रश्न म्हणून पाहतो. त्यांचा व्यवहाराशी असलेला संबंध नजरेआड राहतो. घरात मालमत्तेची फेररचना व्हायची असते नेमक्या त्याच पंधरवड्यात एका वारसाला चारचौघांसमोर अशुभ ठरवलं जातं, बोलायला बंदी होते, बाहेर पडायला बंदी होते. कोणी ठरवून हे केलं असं मी म्हणत नाही. फायदा कुणाचा होतो, ते मात्र दिसतं. मामांना हे पटलं, पण पूर्ण नाही. त्यांची अडचण वेगळी होती.

*

मामा : तू म्हणतेस रीत आधी, मालकी नंतर. मी तुला उलटं झालेलं दाखवतो. माझ्या आजीचा पाट झाला होता, माहीत आहे?

भाची : पणजीचा? आई कधी बोलली नाही.

मामा : बोलणार नाही. आता ती लाज झाली. तेव्हा नव्हती. कुणबी, माळी, धनगर अशा कष्टकरी जातींत पाटाची चाल होती. नवरा गेला, बाई तरणी असली, तर दुसरं घर करायची मोकळीक होती. लग्नासारखा थाट नसायचा. रात्रीच्या वेळी, चार माणसांत, पण रीतसर. बाईचे दोन हात रानाला लागायचे, तिला कोपऱ्यात बसवून कुणाला परवडणार होतं? मग हे थांबलं कधी? शिक्षण आलं. नदीवर मोटारी बसल्या. ऊस आला, कारखान्याचा शेअर आला. घर मोठं झालं. आणि मोठ्या घरात पाट लावत नाहीत, असं झालं. वरच्यांची रीत खालच्यांनी उचलली, तीही नेमकी वरचे लोक ती सोडायला लागले तेव्हा. म्हणजे ज्याला आपण प्रगती म्हणतो तिच्यातून माझ्या आजीला जे होतं ते तुझ्या मावशीला राहिलं नाही.

भाची : धाकट्या मावशीला.

मामा : बावीस वर्षांची होती. तेव्हा रानाला भाव आला होता. बावीस वर्षांच्या विधवेनं दुसरं लग्न केलं तर वाटा घराबाहेर जाईल, ही भीती होती सगळ्यांना. माझ्या घरच्यांनाही होती. म्हणून सांगतो, रीत हवेत तयार होत नाही. रानाचा भाव बदलला की रीत बदलते.

भाची : पण पाट लागलेल्या पणजीचं पहिल्या घरचं रान? पोरं?

मामा : पोरं पहिल्या घरी राहिली. रान सोडून यावं लागलं. तोच तर मुद्दा आहे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा. सगळे त्याचं नाव घेतात आणि घ्यावंच. पण त्याच कायद्यात कलम होतं की विधवेनं दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला, जणू ती मेली. आणि ज्या जातींत पाटाची चाल आधीपासूनच होती, त्यांच्या बायकांनासुद्धा मुंबई इलाख्यात न्यायालयांनी तोच नियम लावला. म्हणजे मन बदलायला निघालेल्या कायद्यानंसुद्धा जमिनीवरची नजर काढली नाही.

भाची : आता तो नियम आहे का?

मामा : नाही. नवरा गेला त्या क्षणी तिचा वाटा तिचा झाला. नंतर तिनं लग्न केलं तरी तो जात नाही. १९५६ च्या कायद्यानं तो पुरता तिच्या मालकीचा आहे. हे गावात किती जणांना माहीत आहे? दहा घरी विचार. दहाच्या दहा जण सांगतील, दुसरं केलं की हक्क गेला.

भाची : हे मात्र खरं. मलाही तसंच वाटत होतं.

मामा : म्हणून म्हणतो, आधी हे सांगा. बाईच्या हातात उतारा द्या. उतारा हातात आला की तिचं कुंकू पुसायला कोण पुढं येतंय ते मी बघतो.

भाची : येतात, मामा. आपल्या शाळेतल्या बाई आठवा. मी नाव घेत नाही, तुम्हाला कळलं. पगार त्यांचा, घर त्यांच्या नावावर, कर्ज त्यांनी फेडलेलं. मुलीला डॉक्टर केली. त्या मुलीच्या हळदीला त्या कुठं होत्या? स्वयंपाकघरात. जाऊबाईंनी हळद लावली, जाऊबाईंनी ओवाळलं. बाईंना कुणी ढकललं नव्हतं आत. त्या स्वतःहून गेल्या. पोरीच्या संसाराला आपली नजर नको, म्हणाल्या. सांगा, त्यांच्या हातात कुठला उतारा द्यायचा राहिलाय?

मामा : …

भाची : माझं एवढंच म्हणणं आहे. पैसा मिळाला की मान आपोआप मिळतो, असं नाही. पैसा मिळवलेली बाईसुद्धा स्वतःला अशुभ समजते, कारण लहानपणापासून तिनं तेच पाहिलंय. ते कुणीतरी थांबवावं लागतं, आणि जे करतात त्यांनीच थांबवावं लागतं. १८९० मध्ये मुंबईत नाभिक मंडळींनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याच्या मागं होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नाही म्हटलं. तेव्हा कुणी म्हणालं का, आधी विधवांच्या नावावर जमिनी करा, मग वस्तरा खाली ठेवा?

मामा : नाही. आणि ते बरोबरच होतं.

भाची : आता वस्तरा नाही. दगड आहे, आणि तो आपल्याच चुलत सासवांच्या हातात आहे. त्या वाईट नाहीत. त्यांच्यावर झालं, म्हणून त्या करतात. ठरावाचा खरा उपयोग त्यांना होतो. काल एक आजी मला म्हणाली, आता मला सांगता येईल की पंचायतीनं बंदी घातलीय, माझ्या हातानं नको. गेली कित्येक वर्षं तिला ते करायचं नव्हतं, मामा. नाही म्हणायला तिच्याकडं कारण नव्हतं. ठरावानं ते दिलं.

*

त्या आजीचं वाक्य मला सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं. सामाजिक बदल म्हणजे माणसांची मनं बदलणं, असं आपण फार सहज म्हणून जातो. पुष्कळ वेळा मन आधीच बदललेलं असतं. बदललेल्या मनाप्रमाणे वागायची सोय नसते, कारण पहिला नाही म्हणणारा एकटा पडतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. गोदूबाई त्याआधी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. बाईला राहायला जागा आणि शिक्षण देणारं ते ठिकाण नसतं तर हे लग्न झालं असतं का, याची मला शंका आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच जाणिवेने. फसवलेल्या विधवेला उपदेशाच्या आधी बाळंतपणाला दार उघडं हवं होतं. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला. या सगळ्यांनी रीतीवर बोट ठेवलं आणि त्याच वेळी बाईच्या राहण्याची, शिकण्याची, कागदाची काहीतरी तजवीज केली. त्यांच्या कामात मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. मामा आणि भाची मात्र अजून वेगळ्याच काढत होती.

*

मामा : ठीक. दगड खाली ठेवला. मंगळसूत्र गळ्यात राहिलं. आता ती बाई सकाळी उठली. पेरणी आली. पीक कर्जाला सोसायटीत गेली तर सातबारा मागणार. पीक विम्याला सातबारा मागणार. ठिबकाच्या अनुदानाला सातबारा. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर सरकार एक लाख देतं, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठीसुद्धा समिती बघते, जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुणाच्या नावावर. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज गावातल्या बिगरपरवाना सावकाराचं. प्रकरण अपात्र. मंगळसूत्र घातलेल्या बाईचंही अपात्र आणि न घातलेल्या बाईचंही अपात्र.

भाची : मी ते नाकारतच नाही.

मामा : मग ठरावात का घेतलं नाहीस?

भाची : घेतलं असतं तर ठराव झाला नसता.

मामा : आता खरं बोललीस. कुंकवाचा ठराव एकमताने होतो, कारण त्यात कुणाच्या बांधाला धक्का लागत नाही. रानाचा ठराव आणला असतास तर निम्मी सभा चहाला उठली असती.

भाची : म्हणूनच तो आधी आणला. जे होणारं आहे ते आधी करावं, मामा. लोकांना एकदा तरी एकत्र हात वर करू दे. त्यातून पुढचं सोपं होतं.

मामा : होतं का? की लोक म्हणतात, झालं की आता, बाईला मान दिला, अजून काय पाहिजे? मी नोकरीत किती मोहिमा पाहिल्या. फोटो निघतो आणि मोहीम संपते.

भाची : तुम्ही तुमचं सांगा. तुमच्या खात्यानं कधी हात वर केले?

मामा : खात्यानं नाही, शेतकऱ्यांनी केले. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखांनी बायका आल्या होत्या. त्यातून पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यानं आपल्या हयातीत, आपणहून, काही जमीन बायकोच्या नावानं करायची. सरकारनं त्यासाठी परिपत्रकही काढलं. हयातीत, हे लक्षात घे. तेरावा नाही, दीर नाही, जीप नाही. सगळे जिवंत असताना, हसत-खेळत.

भाची : मग ऐका. हेरवाडच्या ठरावाच्या मागंही असंच आहे. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंनी स्वतः प्रतिज्ञापत्र केलं की माझ्या मरणानंतर माझ्या बायकोवर या प्रथा लादू नयेत. हयातीत केलं. तुमची लक्ष्मीमुक्ती आणि माझं प्रतिज्ञापत्र, दोन्ही जिवंत नवऱ्यानंच करायची कामं आहेत.

मामा : मग दोन्ही एकाच दिवशी का करत नाहीत?

भाची : कारण तुम्ही सातबाऱ्याचं बोलता तेव्हा आम्ही नसतो, आणि आम्ही कुंकवाचं बोलतो तेव्हा तुम्ही गप्प बसता.

मामा : हे लागलं.

भाची : लागावं म्हणूनच बोलले.

मामा : बरं, आता मी गप्प बसत नाही. लिहून घे. गावात माणूस वारला की एकवीस दिवसांत मृत्यूची नोंद होते. ती कुठं होते? तुमच्याच ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक निबंधक असतो. म्हणजे गावात कोण गेलं, कधी गेलं, हे पंचायतीला तलाठ्याच्या आधी कळतं. दर महिन्याला ती यादी तलाठ्याकडं जाऊ दे. तलाठ्याकडं गाव नमुना सहा-क आहे, वारसांची नोंदवही. त्यात नाव चढलं की चौकशी होते, फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, पंधरा दिवस हरकतीला असतात, मग मंडळ अधिकारी मंजुरी देतो. अर्ज दिरानंच आणला पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. बाई स्वतः अर्ज करू शकते. आता तर ई-हक्क या संकेतस्थळावर घरातूनही करता येतो. पोरीला मोबाईल येतोच की.

भाची : आणि दिरानं हरकत घेतली तर?

मामा : घेऊ दे. हरकतीची नोंद विवादग्रस्त वहीत होते, दोघांना बोलावून निकाल होतो. हरकत कागदावर आली की ती सगळ्यांना दिसते. अंगणातली कुणाला दिसत नाही. २०२५ मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली ना राज्यभर? मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावा म्हणून. म्हणजे मेलेली माणसं सातबाऱ्यावर किती बसलीत ते सरकारलाही माहीत आहे. प्रत्येक मेलेल्या नावामागं एक बाई थांबलीय असं समज.

भाची : आणि घर?

मामा : घर तर पुरतं तुमच्या हातात आहे. नमुना आठचा उतारा ग्रामपंचायतीचा. नवरा-बायको दोघांच्या नावानं घर लावा हे सरकारचं जुनंच सांगणं आहे. तू सदस्य आहेस. किती घरांवर दोघांची नावं आहेत? उद्या दप्तर काढून बघ.

भाची : बघते. पण मामा, हे मी पुढच्या सभेत मांडलं तर एकमत होणार नाही.

मामा : बहुमत होईल का?

भाची : बायका आल्या तर होईल.

मामा : मग बायकांना आण. आणि तो दगडाचा प्रसंग सांगायला मला उठव. पुरुषानं सांगितलेलं पुरुष ऐकतात. वाईट आहे, पण आहे.

*

भाची आणि मामा यांत मला कोण बरोबर वाटतं, असं कोणी विचारलं तर मी निदानाच्या बाबतीत भाचीच्या बाजूने आहे. बाईला आधी माणसांतून उठवलं जातं, मग तिचा हक्क सुटतो, हा क्रम तिने अचूक पाहिला आहे. पण जे सोपं ते आधी, अवघड ते नंतर, हे तिचं धोरण मला मान्य नाही. सोप्या ठरावावर समाधान मानून थांबायची आपल्याला जुनी सवय आहे. १९५६ चा कायदा झाल्यावरही आपण असेच थांबलो होतो. उपाय मामांचा घ्यावा. कंटाळवाणा आहे, वह्यांचा आहे, टाळ्या मिळवणारा नाही, पण तो उद्यापासून करता येतो आणि त्याला नवीन कायदा लागत नाही.

मंगळसूत्र ठेवावं की काढावं हा ज्या त्या बाईचा प्रश्न आहे, त्यात ना गावाने पडावं ना आपण. कुणी स्वखुशीने काढलं तर तेही तिचंच. फक्त ते तिच्या मर्जीने व्हावं, आणि मर्जी विचारली जाण्याइतकी तिची घरात जागा असावी. ती जागा देण्याचं काम नवऱ्याच्या हयातीत जितकं सहज होतं तितकं नंतर होत नाही.

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून ग्रामसभा भरतात. तुमच्या गावाने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला असेल तर पुढच्या सभेत उठून दोनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात गावात किती विवाहित पुरुष वारले? आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या बायकांची नावं, ‘इतर हक्क’ सोडून, अ. पा. क. सोडून, भोगवटादार म्हणून सातबाऱ्यावर लागली? ठराव झाला नसेल तरीही विचारा. आणि तुमचं लग्न झालेलं असेल, घर आणि जमीन तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर ग्रामसभेची वाट पाहू नका. तलाठ्याचं आणि ग्रामसेवकाचं कार्यालय उद्या उघडं आहे.